पाच वर्षांचा लॅब्रॉडॉर शेल्टरला द्यायचा आहे: आधी काय, नंतर काय

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात फ्लॅट. पाच वर्षांचा नर लॅब्रॉडॉर, वजन 34 किलो, नसबंदी झालेली नाही. यजमानांची बदली जर्मनीला. घरात सासूबाईंचं नुकतंच खुब्याचं ऑपरेशन झालंय आणि कुत्रा अंगावर उड्या मारतो. मागच्या महिन्यात त्याने सोसायटीच्या सफाई कामगाराच्या हाताला दात लावला. दोन महिन्यांत सोय लावायची आहे. कुठलं शेल्टर घेईल आणि त्यासाठी काय करावं लागेल?

दोन महिने हातात आहेत, ही जमेची बाजू. बहुतेक फोन येतात ते 'परवा निघायचंय, आज कुठे ठेवू' अशा वेळेला, आणि तेव्हा कोणालाच फारसं काही करता येत नाही. कुत्रा तुमच्याच घरात, तुमच्याच पट्ट्याला असताना त्याचं दुसरं घर शोधा. शेल्टर ही शेवटची सोय समजा. वर्तनाचा आणि तब्येतीचा खरा कागद हातात असलेला, घरात राहणारा लॅब्रॉडॉर लोक नेतात. तोच कुत्रा शेल्टरच्या जाळीमागे महिनाभर राहिला की भुंकणारा, केस गळणारा आणि जाळीवर उड्या मारणारा 'अवघड कुत्रा' होतो. मग त्याला न्यायला कोणी पुढे येत नाही.

आपल्याकडच्या शेल्टरची जडणघडण आधी समजून घ्या. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय असो, पुण्यातला रेस्क्यू ट्रस्ट असो, की गोव्यात आसगावला चालणारं केंद्र, या संस्थांचं मुख्य काम जखमी, आजारी आणि भटक्या जनावरांवर उपचार करण्याचं आहे. घरात वाढलेला धडधाकट कुत्रा आयुष्यभर सांभाळण्यासाठी त्या उभ्या राहिलेल्या नाहीत. गाडीखाली सापडलेल्या कुत्र्याला पिंजरा द्यायचा की तुमच्या लॅब्रॉडॉरला, हा निर्णय तिथे रोजच घ्यावा लागतो. म्हणून 'घरचा कुत्रा घेत नाही' असं उत्तर मिळालं तर ते मनाला लावून घेऊ नका. महापालिकेचं नसबंदी केंद्र हा तर पर्यायच नाही. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार ते भटक्या कुत्र्यांसाठी आहे, पाळीव कुत्र्याची लस, नसबंदी आणि परवाना ही मालकाची जबाबदारी आहे.

शेल्टरमध्ये नेमकं काय बिघडतं? सगळ्यात आधी आवाज. बंद वॉर्डात वीस-तीस कुत्री एकदम भुंकायला लागली की पातळी 100 डेसिबलच्या वर जाते. घरात सोफ्याशेजारी झोपायची सवय असलेला कुत्रा पहिले दोन-तीन दिवस नीट खात नाही, पातळ शी करतो. त्यात बूस्टर चुकलेला असेल तर डिस्टेंपर आणि पार्वो या दोन्ही जीवघेण्या, संसर्गजन्य आजारांचा धोका. पार्वोचा विषाणू जमिनीत, फरशीच्या भेगांत महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनाईलने मरत नाही. वर्षानुवर्षं वेळेवर लस घेतलेला मोठा कुत्रा यातून सहसा निभावतो. मात्र 'लहानपणी सगळ्या दिल्या होत्या, नंतर राहिलं' हा प्रकार धोक्याचा. आणि नसबंदी न झालेला नर अनोळखी नरांसोबत ठेवला की मारामारी ठरलेलीच.

आता तुमचा विशिष्ट प्रश्न, आणि तो अर्धा तरी सुटण्याजोगा आहे. कुत्र्याला जर्मनीला नेणं शक्य आहे का, हे खरंच तपासलंय का? भारतातून युरोपीय संघात कुत्रा न्यायचा तर आधी 15 आकडी आयएसओ मायक्रोचिप (कातडीखालची ओळख-चिप) बसवायची, आणि रेबीजची लस चिपच्या दिवशी किंवा त्यानंतरच द्यायची. चिपच्या आधी दिलेली लस तिथे धरत नाहीत, आणि बहुतेक लोक इथेच अडकतात. लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त घेऊन युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत अँटिबॉडीची तपासणी करायची. आकडा 0.5 (आययू प्रति मिली) किंवा त्याहून जास्त यायला हवा. रक्त घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं, आणि मग सरकारी पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र घेऊन निघायचं. म्हणजे चारेक महिने तरी जातात, दोन महिन्यांत हे बसत नाही. पण तुमचं जाणं पुढेमागे होणार असेल तर बसतं. कुत्रा मालकाच्या प्रवासाच्या आगेमागे पाच दिवसांत पोचायला हवा, नाहीतर त्याला व्यापारी आयातीचे नियम लागतात. यजमान आधी जाणार आणि तुम्ही नंतर, असं असेल तर कागदांवर मालक म्हणून तुमचं नाव ठेवा. मधले दोन महिने नातेवाइकांकडे किंवा चांगल्या बोर्डिंगमध्ये निघू शकतात. लॅब्रॉडॉर तिथल्या धोकादायक जातींच्या यादीत नाही. नोंदणी मात्र करावी लागते आणि कुत्र्याचा कर भरावा लागतो.

हे जमत नसेल तर हरकत नाही. कुत्रा देणं हा गुन्हा नाही. सोडून देणं हा गुन्हा आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 11 पुरेसं स्पष्ट आहे. (दंडाची रक्कमही 1960 सालातलीच, पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये. त्यामुळे कायद्याचा धाक फारसा कोणाला वाटत नाही.) रात्री शेल्टरच्या गेटला बांधून निघून जाणं हेही सोडून देणंच. सकाळी दार उघडणाऱ्याला त्याचं नाव, लसी, वय, चावण्याचा इतिहास, काहीच कळत नाही. म्हणून तो अनोळखी आजारी कुत्र्यांच्या वॉर्डात जातो, आणि संसर्ग होतो तो तिथेच.

दुसरं घर शोधायच्या आधी डॉक्टरांकडची कामं उरका. जाहिरात टाकायच्या आधी, नंतर नाही. पहिल्या आठवड्यात रक्ताची तपासणी करा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृत आणि मूत्रपिंड, सोबत गोचिडतापासाठी रक्ताची स्लाईड. पुण्यात पावसाळ्यानंतर बबेशिया आणि एर्लिशिया हे गोचिडतापाचे जंतू इतके आढळतात, की ही स्लाईड टाळणं म्हणजे नव्या घराला गुपचूप बिल पाठवणं. रिपोर्ट ठीक आला की लगेच नसबंदी. नराची शस्त्रक्रिया सोपी आहे. टाके आणि गळ्यातला कोन (जखम चाटू नये म्हणून घालतात तो) मिळून दहा ते चौदा दिवस धरा. नसबंदी न झालेला लॅब्रॉडॉर 'मोफत द्यायचाय' असं लिहिलंत की पहिले फोन प्रजनन करवणाऱ्यांचेच येतात. नसबंदी झाली आहे असं लिहिलं की ते आपोआप गळतात, आणि घरापर्यंत येणाऱ्यांतला निम्मा कचरा तिथेच निघतो. त्याच भेटीत रेबीज आणि डीएचपीपीआय-लेप्टो (डिस्टेंपर, पार्वो वगैरेंची एकत्रित लस) यांचे बूस्टर, जंताची गोळी आणि गोचिडांचं औषध, सगळं तारखेसह पुस्तकात लिहून घ्या.

दात लावण्याच्या घटनेकडे डॉक्टरांनी आणि तुम्ही दोघांनीही नीट बघायला हवं. पाच वर्षांच्या लॅब्रॉडॉरने अचानक दात लावला तर पहिला संशय दुखण्यावर. कानात बुरशीचा संसर्ग, खुब्याचं दुखणं आणि दातांत पू होणं, या तिन्ही गोष्टी या जातीत नेहमीच्या. कान धरून बघा, तो मान झटकतो का? मागचा पाय मागे ओढला की कण्हतो का? दुखणं निघालं तर उपचारच अर्धं काम करतो. नाही निघालं, तर पुढचं नीट लिहून काढा: कोणाला, कुठे, कशावरून, एकदाच धरलं की झटके दिले, रक्त आलं की फक्त ओरखडा. लिफ्टमध्ये झाडू हातात असलेल्या माणसाला लावला, की बाहेर हात पुढे केलेल्या माणसाला, हा फरक नव्या घरासाठी फार मोलाचा. त्या कामगाराने रेबीजची इंजेक्शनं घेतली का, हेही विचारा. नसतील घेतली तर डॉक्टरांकडे न्या, बिल तुमचं. चावल्यापासून दहा दिवस कुत्रा डोळ्यांसमोर ठेवायचा असतो. तुमचे ते होऊन गेलेत, पण उद्या पुन्हा असं झालं तर ते दहा दिवस संपेपर्यंत त्याला कुठेही हलवू नका. आणि शेल्टर असो की घर, ही घटना लपवू नका. लपवलेला चावा नव्या घरात एखाद्या लहान मुलावर निघाला, तर कुत्रा परत येतो किंवा रस्त्यावर जातो. हयगयीची जबाबदारीही भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली येऊ शकते.

सासूबाईंसाठी तात्पुरता उपाय करा, म्हणजे घाईत निर्णय घ्यावा लागणार नाही. त्यांच्या खोलीच्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं ते लोखंडी आडवं गेट बसवा. दिवसातून दोनदा, प्रत्येकी चाळीस मिनिटं नाक लावत मोकळं चालणं द्या, फक्त शी-शूपुरतं नाही. पाहुणे आले की कुत्रा बसल्यावरच कौतुक, उडी मारली की पाठ फिरवायची. यातून तीन-चार आठवड्यांत फरक दिसतो, आणि नव्या घरासाठी त्याची किंमतही वाढते.

जाहिरात साधी असावी. दिवसाउजेडी काढलेले तीन फोटो: उभा, माणसासोबत, घरात शांत बसलेला. मजकूर असा काहीसा: '5 वर्षं, नर, नसबंदी झालेली, लसी पूर्ण, घरात शी-शू करत नाही, पट्ट्याला थोडा ओढतो. अनोळखी व्यक्तीने झटकन हात पुढे केला तर दात लावू शकतो, एकदा लावला आहे. लहान मुलं नसलेलं घर हवं. आम्ही घर बघू आणि लेखी करार करू.' शेवटच्या वाक्याने बरेच फोन बंद होतात, आणि त्यांचं बंद होणंच चांगलं. सुरुवात आपल्या डॉक्टरांपासून, जवळच्या नातेवाइकांपासून आणि कुत्र्याला रोज भेटणाऱ्यांपासून करा. सकाळच्या फेरीत भेटणारे निवृत्त काका, आधी लॅब्रॉडॉर पाळलेला आणि तो म्हातारा होऊन गेलेला एखादा मित्र, यांच्याकडून चांगली घरं मिळतात. अनोळखी ऑनलाइन गटांवर नंतर जा.

फोनवर तीन-चार प्रश्न पुरतात. याआधी कुत्रा होता का आणि त्याचं काय झालं? दिवसा घरी कोण असतं? घर भाड्याचं असेल तर मालकाची संमती आहे का? नसबंदी झालेली आहे, चालेल ना? पहिल्या प्रश्नाला 'गावाला दिला' असं उत्तर आलं तर पुढे नेऊ नका. सोसायटीचा विरोध होईल अशी भीती कोणी बोलून दाखवली तर त्यांना सांगा, की प्राणी कल्याण मंडळाने 2015 मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केलं आहे: सोसायटीला सर्वसाधारण सभेत ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. पट्टा आणि शी उचलणं याबाबत सोसायटी आग्रह धरू शकते, आणि तो रास्तच आहे.

'फार्महाऊसवर मोकळा राहील' या शब्दांनी भुलू नका. मालक आठवड्यातून एकदा येतो, राखणदाराकडे भाकरीचे तुकडे आणि साखळी, आणि ताप आला तर कळेपर्यंत आठवडा जातो. मुळशी, मावळ, जुन्नर पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. उसाच्या कडेला रात्री बाहेर बांधलेला कुत्रा बिबट्याला सर्वात सोपा. शेतावरचं घर असेल पण माणसं तिथेच राहत असतील, कुत्रा रात्री आत झोपणार असेल, तर चांगलंच. जाऊन बघा, आणि झोपायची जागा कुठली हे विचारा.

घर बघताना बाल्कनीच्या जाळीचं अंतर, गेटची कडी, आधीचं जनावर आणि घरातल्या सगळ्यांचा होकार पाहा. एखादी सून गप्प असेल तर तिच्याशी वेगळं बोला, कारण घासवाटी आणि फिरवणं बहुधा तिच्याच वाट्याला येणार असतं. पहिली भेट बाहेर, दुसरी त्यांच्या घरी. मग पंधरा दिवसांची ट्रायल: खर्च त्यांचा, डॉक्टरांचा नंबर तुमचा. पहिले तीन दिवस तो बिथरलेला असेल, तीन आठवड्यांत दिनक्रम बसतो, आणि तीन महिन्यांत घर त्याचं होतं, असा अंदाज कुत्र्यांसोबत काम करणारे वापरतात आणि तो बराच जुळतो. पहिल्या दिवशी 'सोन्यासारखा आहे' असा निरोप आला म्हणून हुरळू नका. खरा स्वभाव दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाहेर येतो.

करार एका पानाचा पुरे: दोन्ही बाजूंची नावं, पत्ते, ओळखपत्राची प्रत, कुत्र्याचं वर्णन आणि चिप असेल तर तिचा क्रमांक. शिवाय दोन अटी: पुढे कोणालाही द्यायचा झाला तर आधी तुम्हाला कळवायचं, आणि प्रजनन करवायचं नाही. चाव्याची घटना सांगितल्याचीही नोंद ठेवा आणि त्याखाली त्यांची सही घ्या. महापालिकेचा परवाना, चिपची नोंदणी आणि असतील तर केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद नव्या मालकाच्या नावावर करायचं विसरू नका. चिप तुमच्या नावावर राहिली तर हरवलेल्या कुत्र्यासाठी फोन तुमच्याकडेच येणार, जर्मनीत.

दीड महिन्यात काहीच जमलं नाही, तर शेल्टर. आधी एकदा जाऊन बघा, शक्यतो जेवणाच्या वेळेला. खरं चित्र तेव्हाच दिसतं: भांडणं सोडवायला माणूस हजर आहे का, भांडी स्वच्छ आहेत का, नव्या जनावरांसाठी वेगळा विभाग आहे का. दहा ते चौदा दिवस वेगळं ठेवत नसतील तर ती जागा योग्य नाही. डॉक्टर रोज येतात का, नोंदवही आहे का, घरात दत्तक देण्याची व्यवस्था आहे का आणि ट्रस्टची नोंदणी आहे का, हे विचारा. काहीही न विचारता 'आजच आणा, इतके पैसे द्या' असं म्हणणाऱ्यांपासून दूरच राहा. चांगली संस्था तुम्हालाच जास्त प्रश्न विचारते, कधी कधी टोचतील असे.

कुत्रा सोपवताना ते एक फॉर्म देतात, त्याला बहुतेक ठिकाणी सरेंडर फॉर्म म्हणतात. त्यावर सही केलीत की मालकी संस्थेची होते. उद्या मन बदललं म्हणून कुत्रा परत मिळेलच असं नाही, आणि तो कोणाला दिला हे सांगणंही त्यांच्यावर बंधनकारक नसतं. उपचार आणि शस्त्रक्रियेची परवानगीही त्यातच असते. इंजेक्शन देऊन मारण्याचा मुद्दा असेल तर स्पष्ट विचारा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 13 हे जगवणंच क्रूर ठरेल अशा असाध्य, यातनामय अवस्थेसाठी आहे. म्हातारा झाला, जागा नाही, हे कारण त्यात बसत नाही. पती-पत्नी दोघांनीही सही करा, आणि प्रत घ्या. दोघांपैकी एक नंतर येऊन 'माझी संमती नव्हती' म्हणाला की सगळेच अडचणीत येतात.

सोपवण्याच्या दिवशी सकाळी लवकर निघा, ऊन वाढायच्या आत. प्रवासाआधी चार-पाच तास पोटभर खायला घालू नका, पाणी चालेल. सोबत द्यायचं: सध्याचं खाणं दहा दिवसांचं (दिवसाला 350 ग्रॅमच्या आसपास म्हणजे साडेतीन किलो), लसीचं पुस्तक, रिपोर्ट, रोजचा पट्टा, आणि न धुतलेली चादर. चादर धुवू नका, वास हाच तिचा उपयोग. दहीभात किंवा दूधपोळी खाणारा असेल तर तसंच लिहा. खाणं एका दिवसात बदललं की जुलाब होतात, आणि शेल्टरमध्ये त्याला पार्वो समजून वेगळं ठेवतात. त्याच्या हाकेचे शब्द, घाबरतो त्या गोष्टी (फटाके, झाडू, दुचाकी) आणि झोपायची वेळ एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा. तिथे लांबण लावू नका, पट्टा सोपवून निघा. खर्चाची जबाबदारी मात्र घ्या. दरमहा त्याच्या खाण्याएवढी रक्कम देत राहिलात तर संस्थेवरचा भार प्रत्यक्षात हलका होतो.

वाचणाऱ्यांत मांजरवाले असतील तर त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. मांजर अनोळखी जागी बऱ्याचदा खाणंच सोडतं, आणि दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर लठ्ठ मांजराच्या यकृतावर चरबी चढून ते मरूही शकतं. म्हणून मांजर थेट घरातच द्या, आणि कॅरिअर आठवडाभर आधी घरात उघडा ठेवा. गरोदरपणात भीतीने मांजर देणाऱ्यांनी आधी स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावं. विष्ठेतल्या टॉक्सोप्लाझ्माला (गर्भाला धोका असलेल्या परजीवीला) संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून मांजराच्या शी-शूची माती रोज दुसऱ्याने काढली तर पुरतं. आणि घरात पिंजऱ्यातला देशी पोपट किंवा ताऱ्या-ताऱ्यांच्या पाठीचं कासव असेल तर शेल्टर नाही, वनविभाग: ते बाळगणंच वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. 1926 या हेल्पलाइनवर फोन करा, आणि त्यांना तळ्यात किंवा झाडावर सोडू नका.

तुमच्यासाठी वेळापत्रक असं: पहिला आठवडा रक्त आणि डॉक्टर, दुसरा-तिसरा नसबंदी आणि जखम भरणं, चौथ्यापासून जाहिरात आणि घरं बघणं, सहाव्याच्या सुरुवातीला ट्रायल. निघण्याच्या तारखेच्या किमान तीन आठवडे आधी कुत्रा नव्या घरी पोचलेला असावा. पंधरा दिवसांत जमलं नाही तर तो परत घ्यायला तुम्ही इथे असायला हवं.